सात काप

चिंधी जेमतेम सव्वा इंचाची होती. सुती कापडाचा गोल तुकडा, कडेला दशा सुटलेल्या, मधोमध राखेच्या रंगाचा डाग आणि त्या डागाभोवती ब्लेडने ओढावेत तसे बारीक काप. दवाने भिजलेल्या गवतातून उचलून मी ती तळहातावर पसरली. मास्तर शेजारी गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते.

"मोज," ते म्हणाले.

मी मोजले. सात.

"आणि तुझ्या नळीत खाचा किती?"

सातच.

पाच शनिवार मी त्या बंदुकीशी झटत होते. निशाणाच्या कागदावरची भोकं मोजत होते, पट्टीने अंतरं घेत होते, वहीत तक्ते आखत होते. आणि जिच्यावर सगळं लिहिलेलं होतं ती चिंधी प्रत्येक बारानंतर माझ्यासमोर दहा-बारा पावलांवर गवतात जाऊन पडत होती. मी तिला कचरा समजत होते.

मी पेनसिल्व्हेनियात राहते, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. आठवडाभर काचपट्टीवरचे नमुने बघायचे आणि शनिवारी सकाळी रेंजवर जायचं, असं गेलं वर्षभर चाललं आहे. माझी बंदूक चकमकीची आहे. अठराव्या शतकात इथल्या लँकेस्टर भागात जर्मन वंशाचे कारागीर जशा लांब नळीच्या बंदुका घडवत, त्या धर्तीवर आजच्या काळात केलेली. नळी ४२ इंच, भोक अर्ध्या इंचाचं. काडतूस नाही. दारू वेगळी, गोळी वेगळी. दोन्ही नळीच्या तोंडातून आत घालायची आणि गजाने ठासायची. इंग्रजीतलं तिचं नाव, मझललोडर, फक्त ती कुठून भरायची ते सांगतं. आपण मराठीत तिला ठासणीची म्हणतो, आणि मला आपला शब्द जास्त खरा वाटतो. सगळी कला त्या ठासण्यातच आहे.

हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक. कुडाळजवळच्या आमच्या गावी आजोकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं उतरत, आणि दिवसा माडांवर वानरं शहाळी फोडून टाकत. आजो वर्षातून चार-पाच बार काढी, तेही बहुतेक हवेतच, नुसता आवाज करायला. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. निकाल लागून सगळं शांत झालं की तो ती खांद्यावर टाकून परत आणी. खळ्यात बसून तो रेड्याच्या शिंगातली दारू बांबूच्या कांड्याने मोजायचा, ती नळीत ओतून वर काथ्याचा बोळा ठासायचा, आणि मी तोंडात बोट घालून ते बघत बसायचे. एकदा मी म्हटलं, अजून थोडी घाल ना, मोठ्ठा आवाज होईल. आजो हसला नाही. "आवाज मोठो झालो म्हणान काम बरा जाणा नाय, चेडवा," एवढंच म्हणाला आणि कांडं काठाशी बोटाने साफ करून तेवढीच दारू ओतली.

इथे एका सहकारिणीने मला पहिल्यांदा रेंजवर नेलं. दूरच्या टोकाला कोणीतरी गज खालीवर करताना दिसलं आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले. ते मास्तर. वय अठ्ठ्याहत्तर, सगळं आयुष्य लेथ मशीनवर गेलेलं. मास्तर हे नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं आहे, त्यांना ते माहीत नाही.

बार कसा भरायचा ते त्यांनीच शिकवलं. शिंगातून दारू थेट नळीत कधीच ओतायची नाही. आदल्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असेल तर सगळं शिंग हातात फुटेल. म्हणून शिंगातून पितळी मापात आणि मापातून नळीत. दारू काळीच हवी, किंवा काळ्याच्या जागी चालणारी म्हणून खास बनवलेली. हल्लीच्या काडतुसांतली बिनधुराची दारू या नळीत घातली तर नळी फुटते, इथे एकाही अपवादाला जागा नाही. मग नळीच्या तोंडावर वंगण लावलेली चिंधी आणि तिच्यावर शिशाची गोळी. गोळी ०.४९० इंचाची, भोक ०.५०० इंचाचं, मधली फट चिंधीने भरायची. आखूड दांड्याने गोळी तोंडात दाबायची आणि लांब गजाने ती दारूवर टेकेपर्यंत खाली न्यायची. गजावर एक खूण असते. ती नळीच्या तोंडाशी आली म्हणजे गोळी बसली. दारू आणि गोळीमध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, कधी फुटतेही, म्हणून ती खूण प्रत्येक बाराला डोळ्यांनी बघायची. शेवटी बाजूच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घोडा मागे, आणि चाप. गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या रंजकात पडतात, आणि जाळ नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरतो. कधी नुसतं रंजक भुर्रकन उडतं आणि आत काहीच पेटत नाही. तेव्हा बंदूक निशाणाकडेच धरून मनात साठपर्यंत आकडे मोजायचे. मास्तर मागे उभे राहून मोठ्याने मोजतात.

गोळीचं वजन भरतं १७७ ग्रेन. ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता, म्हणजे दर बाराला मी जवळजवळ तोळाभर शिसं ठासते. आईला हे फोनवर सांगितल्यापासून ती शनिवारी विचारते, "आज किती तोळे?"

आता नेमका बार शोधणं म्हणजे काय ते सांगते. एकाच कारखान्यातल्या, एकाच मापाच्या दोन नळ्यांनासुद्धा एकच बार मानवेल असं नाही. एकीला साठ ग्रेन दारू आणि पातळ कापड आवडतं, तिच्या जुळ्या बहिणीला ऐंशी ग्रेन आणि जाड. पुस्तकातले तक्ते सुरुवात कुठून करायची आणि कुठल्या आकड्यापलीकडे जायचं नाही, इतकंच सांगतात. मधलं सगळं तिलाच विचारत जायचं. दारू किती, तिचा दाणा केवढा, गोळी कितीची, कापडाची जाडी आणि वीण, वंगण कसलं, गज किती जोराने दाबला, दोन बारांच्या मधे नळी पुसली की नाही, यातली प्रत्येक गोष्ट गोळीची जागा हलवते.

पहिल्या पाच शनिवारी मी फक्त दारू बदलली. दारूच्या दाण्यावर एफ अक्षरं लिहिलेली असतात, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. माझ्याकडे तीन एफची होती. पन्नास ग्रेनपासून सुरुवात केली, मग साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद. पन्नास यार्डांवर, बाकावर वाळूच्या पिशव्यांत बंदूक टेकवून, प्रत्येक मापाचे पाच बार. पन्नासला भोकं माझ्या तळहाताएवढ्या जागेत. सत्तरला किंचित जवळ. नव्वदला जेवणाच्या ताटाएवढी पसरली आणि खांदा काळानिळा झाला. तक्ता स्वच्छ होता, रेघा सरळ होत्या, आणि त्यातून काहीही कळत नव्हतं. सत्तरचाच बार पुढच्या शनिवारी पुन्हा घेतला तर तो पन्नासपेक्षा वाईट आला.

सहाव्या शनिवारी मास्तर माझी वही चाळत होते. ती मिटून त्यांनी विचारलं, "हे ठीक आहे. तुझ्या चिंध्या कुठे आहेत?"

मला प्रश्नच कळला नाही. मग रेंज थांबवल्याचा पुकारा झाला, सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या, आणि आम्ही दोघं गवतात वाकून शोधू लागलो.

चिंधीचं महत्त्व समजायला गोळी सरळ का जाते ते आधी समजावं लागतं. गुळगुळीत नळीतली गोळी बाहेर पडताना कुठल्या तरी बाजूला घासते, तिला वाटेल तशी गिरकी मिळते, आणि त्या गिरकीनेच ती हवेत वळते. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७४० च्या दशकात हे दाखवून दिलं. त्याने मुद्दाम एक नळी तोंडाशी डावीकडे वाकवली, आणि तिच्यातून सुटलेली गोळी पुढे जाता जाता उजवीकडे वळली. (हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर होऊन आपल्याकडे आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. मला हे कळलं त्या दिवशी उगाच ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं.) गोळीला एकच ठरलेली गिरकी द्यायची म्हणून नळीत पीळ घातलेल्या खाचा असतात. माझ्या नळीचा पीळ सावकाश आहे, ६६ इंचांत एक वेढा. नळीच ४२ इंचांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम दोन तृतीयांश वेढा घेते. गोल गोळीला तेवढा पुरतो.

पण गोळी त्या खाचांना शिवतच नाही. ती भोकापेक्षा लहान आहे. खाचा पकडतात ते कापडाला, आणि कापड पकडतं गोळीला. नळीचा सगळा पीळ गोळीपर्यंत पोहोचतो तो त्या सव्वा इंचाच्या सुती तुकड्यातून. तो फाटला की खाचा असून नसल्यासारख्या, आणि फाटकी जागा दर वेळी वेगळी म्हणून गोळीही दर वेळी वेगळीकडे. शिवाय मागचा वायू फाटक्या जागेतून पुढे निसटतो.

मास्तरांनी त्यांच्या पेटीतून एक जुनी चिंधी काढून माझ्या चिंधीशेजारी ठेवली. तिच्या मधोमध काळपट गोल डाग, त्यातून बाहेर जाणाऱ्या खाचांच्या फिकट रेषा, कडेला थोड्या दशा. बाकी कापड शाबूत. धुऊन पुन्हा वापरता येईल इतकं. चांगल्या बाराची चिंधी अशी दिसते. मधे जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी. एकाच कडेला फाटली असेल तर गोळी वाकडी बसली. आणि डागाभोवती सारख्या अंतरावर काप असतील तर नळीतलं काहीतरी धारदार तिला कापतं आहे. निशाणाचा कागद किती चुकलं ते सांगतो, का चुकलं ते चिंधी सांगते. मी दिवसभर काचपट्ट्या वाचून पोट भरणारी बाई. या एका वाक्यासाठी मी मास्तरांची जन्मभर ऋणी राहीन.

इतकं कळल्यावर मी घाई केली. पुढच्या शनिवारी जाड कापड नेलं आणि दारूही सत्तरवरून साठवर आणली. भोकं एकदम अडीच इंचांत आली. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याच मापांनी पुन्हा साडेचार. आणि आता मला सांगता येईना की आधी सुधारलं ते कापडाने, दारूने, की नुसत्या योगायोगाने. कामावर मी एका वेळी दोन गोष्टी बदलणाऱ्या शिकाऊ मुलींना थांबवते. इथे आनंदाच्या भरात मी तेच केलं आणि दोन शनिवार वाया गेले. वहीतली ती दोन पानं मी फाडलेली नाहीत. त्यांच्यावर तिरकी रेघ मारून तारीख लिहिली आहे.

मग प्रयोगशाळेत करतो तसं केलं. काप पेटताना पडतात की ठासतानाच, हे आधी वेगळं करायचं. दारू न घालता गोळी आणि चिंधी ठासली, तळापर्यंत नेली, आणि नळीच्या कानाला कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी लावून वायूच्या दाबाने ती बाहेर काढली. रिकाम्या नळीत अडकलेली गोळी काढायला इथे हीच नळकांडी वापरतात. पॉप असा आवाज झाला, गोळी समोरच्या मातीत पडली आणि चिंधी बाकाच्या पायाशी. आग नाही, धूर नाही, डाग नाही. पांढरं स्वच्छ कापड आणि त्यावर सात काप.

माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं, मराठीतच. मास्तरांनी अर्थ विचारला नाही.

म्हणजे दारूचा काही संबंधच नव्हता. नळी नवी होती. तिच्या तोंडाशी प्रत्येक खाच जिथे सुरू होते तिथली कड कारखान्यातून आली तशीच, नखाला लागेल इतकी धारदार होती. गोळी आत दाबताना तिथेच कापड चिरत होतं, आणि मग मी त्या चिरलेल्या कापडाला कधी साठ तर कधी नव्वद ग्रेनची आग लावून निकाल मागत होते.

यावरचा उपाय इतका साधा की मला आधी विश्वासच बसला नाही. मास्तरांनी बारीक पॉलिश कागदाचा चौकोनी तुकडा कापला, नळीच्या तोंडावर ठेवला आणि त्यावर अंगठा टेकवला. "बोटाचं हाड नाही, मांस," ते म्हणाले. अंगठ्याचं मऊ मांस थोडंसं भोकात शिरतं, आणि कागद फिरवला की कडा सगळीकडून सारख्या गोल होतात. अर्धा वेढा इकडे, अर्धा तिकडे, मग बंदूक थोडी वळवायची आणि पुन्हा. पाव तास मी ते करत होते. मधे मधे मास्तर कापसाचा बोळा तोंडावरून फिरवून बघत. आधी प्रत्येक खाचेवर त्याचा तंतू अडकून राहायचा. शेवटी बोळा लोण्यावरून फिरावा तसा फिरला. माझ्या अंगठ्याची कातडी दोन दिवस दुखत होती. ज्यांनी साठ वर्षं मशीनवर इंचाच्या हजाराव्या भागाने काम केलं, त्यांचा भरवसा या कामात अंगठ्यावर होता.

त्याच दुपारी जुनंच पातळ कापड, तेच सत्तर ग्रेन. दुसरं काही बदललं नाही. चिंध्यांवर एकही काप नव्हता. पाच भोकं तीन इंचांच्या आत. आता मधे तपकिरी करपलेला ठिपका तेवढा दिसत होता.

म्हणून मग कापड. इथे उशांच्या खोळींसाठी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं घट्ट विणीचं सुती कापड मिळतं. मी मास्तरांचा मायक्रोमीटर पर्समध्ये घालून कापडाच्या दुकानात गेले आणि तागे उलगडून जाडी मोजत राहिले. दुकानातली मुलगी आधी बावरली, मग स्वतःच एकेक ताग्याचं टोक पुढे करू लागली. पुठ्ठ्यावर लिहिलेलं आणि प्रत्यक्ष मोजलेलं कधीच जुळत नाही. ०.०१८ इंचाचं एक सापडलं. घरी आणून खळ जाईपर्यंत दोनदा उकळत्या पाण्यातून काढलं, दोरीवर वाळवलं, गोल कापलं. चाळीस चिंध्यांना एक संध्याकाळ जाते, आणि ती संध्याकाळ मला फार आवडते.

वंगणावर मात्र मी अडले. मास्तर मेंढीची चरबी आणि मधमाश्यांचं मेण वितळवून एकत्र करतात. ते पातेलं माझ्या स्वयंपाकघरात नको होतं, म्हणून मी मेणात आपलं खोबरेल घातलं. उन्हाळ्यात उत्तम चाललं, चिंधी गजाखाली रेशमासारखी जायची. ऑक्टोबरची थंडी पडली आणि चिंध्या डबीत पापडासारख्या कडक झाल्या. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, हे हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवणाऱ्या माणसांत वाढूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता मेण आणि ऑलिव्ह तेल.

पातेल्यात मेण विरघळताना बघत उभी असले की मला शाळेतला १८५७ चा धडा आठवतो. एनफिल्ड बंदूक ठासणीचीच होती. कागदाच्या पुडीत दारू आणि गोळी, पुडीचं टोक दातांनी तोडायचं, आणि गोळीकडच्या बाजूला चरबीचं वंगण. शाळेत आम्ही चरबी कसली होती तेवढं पाठ केलं. वंगण मुळात हवंच कशाला, हे आम्ही विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून अधिक वजन वायू न होता घन राखच राहतं आणि नळीच्या आत थर धरतं. वंगण नसेल तर तो थर कोरडा, कडक होतो आणि चार-पाच बारांनंतर गोळी निम्म्या वाटेत अडकते. लढाईत असं झालेला शिपाई मेलाच. म्हणून वंगण हवंच होतं, आणि म्हणून ते सोडून देणं कंपनीला शक्य नव्हतं. जानेवारी १८५७ मध्ये सरकारने शिपायांना स्वतःच्या पसंतीचं वंगण लावायची मुभा दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. जुलै संपताना कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीनेही उठाव केला. माझ्या पातेल्यातलं मेण-तेल ठासणीला अगदी व्यवस्थित चालतं. इतक्या साध्या मिश्रणावर भागलं असतं, हे दर वेळी मनात येतं आणि दर वेळी वाईट वाटतं.

दारूचंही तसंच झालं. माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर, डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन नदीच्या काठी हॅग्ली नावाचं ठिकाण आहे. ड्यू पाँट घराण्याने १८०२ मध्ये तिथे दारूचा कारखाना उभारला. दारू दळायच्या इमारती अजून उभ्या आहेत. तीन बाजूंना जाडजूड दगडी भिंती आणि नदीकडची चौथी बाजू व छप्पर हलकं, लाकडी. स्फोट झालाच तर तो नदीकडे फुटावा, शेजारच्या इमारती वाचाव्यात. आत काम करणाऱ्याचं काय, हे त्या भिंती बघताना विचारावं लागत नाही. काळी दारू म्हणजे शंभरात साधारण पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. कोळसा त्यांनी काठावर वाढवलेल्या विलोच्या झाडांचा. आणि सोरा आपला. बिहार-बंगालच्या गावांत गोठ्यांच्या आणि जुन्या भिंतींच्या मातीवर फुललेला पांढरा क्षार, नोनिया लोकांनी खरवडून, धुऊन, उकळून काढलेला, कलकत्त्याहून जहाजांनी जगभर गेलेला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा १८६१ मध्ये त्याच घराण्यातल्या लॅमॉट ड्यू पाँटला इंग्लंडला धाडलं ते तिथला हिंदुस्थानी सोरा मिळेल तेवढा खरेदी करायला. इंग्लंडने काही काळ तो अडवूनही धरला होता. त्या तीन दगडी भिंतींपुढे उभं राहून मी नोनिया बायकांचा विचार करत होते. त्यांच्या खरवडलेल्या मातीचं पुढे काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सगळं जमून आलं. गुळगुळीत तोंड, ०.०१८ चं पट्ट्यांचं कापड, मेण-ऑलिव्हचं वंगण, वजन करून निवडलेल्या गोळ्या. गोळीच्या आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर ती हलकी भरते आणि भरकटते, म्हणून ग्रेनभर फरकाच्या मी बाजूला काढते. हे सगळं तसंच ठेवून फक्त दारू, तीही पाच-पाच ग्रेनने. साठला अडीच इंच. पासष्टला दोनाच्या आसपास. सत्तरला पहिली दोन भोकं एकमेकांना चिकटून पडली. तिसरं त्यांच्या वर. माझे हात थरथरायला लागले, म्हणून मी बंदूक ठेवून थर्मासमधला चहा प्यायले आणि पुन्हा बसले. चौथं, पाचवं. पंच्याहत्तरला पुन्हा पसरायला लागलं, तेव्हा मी परत सत्तरवर येऊन आणखी पाच बार घेतले. तसेच.

कागद आणला तेव्हा पाचही भोकं एका मोठ्या आवळ्याखाली झाकली गेली असती. मास्तरांनी कागदाकडे क्षणभर बघितलं आणि हात पुढे केला, चिंधीसाठी. मी आधीच वेचून आणली होती. त्यांनी ती उन्हाकडे धरली. कुठूनही उजेड आरपार आला नाही. मधे गोल काळा डाग, त्यातून निघालेल्या सात फिकट रेषा. त्यांनी ती घडी न घालता माझ्या वहीच्या पानात ठेवली आणि वही मिटली.

रात्री मी न्हाणीघरात बादलीभर गरम पाण्यात नळी धुतली. सडक्या अंड्यासारखा वास घरभर पसरतो, पाणी दोनदा काळं, तिसऱ्यांदा करडं येतं. मग बाबांना फोन केला. गावी सकाळ झाली होती. चिंधीचा फोटो आधीच पाठवला होता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "थांब जरा," आणि फोन ठेवून कुठेतरी गेले. आजो गेल्यावर बंदूक बाबांनी ठाण्यात जमा केली होती. परवाना त्याच्या नावावर होता. पण रेड्याचं शिंग आणि बांबूचं कांडं माळ्यावर तसंच होतं. बाबांनी ते खाली आणलं, आईच्या मापाच्या चमच्यांनी पाणी ओतून मोजलं आणि आकडा सांगितला. साडेचार घनसेंटिमीटरला थोडं कमी. मी वहीच्या कडेला गणित केलं. काळ्या दारूचा एक घनसेंटिमीटर भरतो साधारण एक ग्रॅम, म्हणजे पंधरा-साडेपंधरा ग्रेन.

आजोचं कांडं भरतं सुमारे अडुसष्ट ग्रेनचं.

तो नेम धरून मारत नव्हता, त्याची नळी गुळगुळीत होती, काथ्याचा बोळा आणि माझी चिंधी यांची तुलनाही होत नाही. तरी मी तो आकडा त्या पानावर लिहून ठेवला, सत्तरच्या शेजारी.

आता जानेवारी आहे. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवसापासून इथे चकमकीच्या बंदुकीचा शिकारीचा हंगाम असतो. मी शिकार करत नाही, पण रेंजवर गर्दी असते आणि सगळ्यांच्या दाढ्यांना धुराचा वास असतो. गेल्या शनिवारी उणे आठ तापमानात मी सत्तर ग्रेनचे सहा बार घेतले. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सगळे त्याच आवळ्याखाली. पहिला मात्र अडीच इंच वर आणि उजवीकडे, एकटाच. मागच्या पानांत शोधलं तर थंडी पडल्यापासून दर वेळी पहिला असाच गेलेला आहे. मी त्याला हात गारठल्याचं कारण समजून सोडून देत होते. स्वच्छ नळीत आदल्या रात्रीचं गंज-प्रतिबंधक तेल राहतं, त्याने पहिल्या चिंधीची पकड वेगळी होत असावी. किंवा थंड, राख नसलेली नळीच वेगळी वागते.

दोन्ही एकदम तपासायचं नाही. या शनिवारी भरण्याआधी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने नळी कोरडी करायची, आणि फक्त एकच बार घ्यायचा. पहिला. मग बंदूक खाली ठेवून, पुकारा झाला की, बर्फात ती चिंधी शोधायची.